आयरिश सासरची वंशावळ : जमिनीचे आणि कोर्टाचे जुने कागद कोणी चाळलेत का?

लिमरिकची_सून

नमस्कार मंडळी. लग्नाला अकरा वर्षं झाली, लिमरिकला राहते. नवरा इथलाच. सासूबाईंचं माहेर पश्चिम क्लेअरमधलं, किलरशच्या बाजूचं. वय ७८. या नाताळात जेवणं झाल्यावर नेहमीची गोष्ट निघाली, "आमच्या माणसांना रस्त्यावर काढलं होतं." कोणी काढलं, कधी, किती दिवस, काही ठाऊक नाही. मी आपली बोलून गेले, "शोधूया की, कागद असतीलच." आता दर रविवारी फोन येतो, कुठवर आलं म्हणून.

हाती आहे ते असं. १९०१ आणि १९११ च्या जनगणनेत सासूबाईंचे पणजोबा थॉमस सापडले. त्यांच्या लग्नाची १८७२ ची सरकारी नोंद मिळाली, तिच्यात वडिलांचं नाव मायकेल, धंदा शेतकरी. इथपर्यंत सगळं फुकटात आणि घरबसल्या झालं. पण १८५५ च्या ग्रिफिथच्या पाहणीत त्याच टाउनलँडमध्ये (इथला जमिनीचा सगळ्यात लहान विभाग) त्याच आडनावाचे दोन मायकेल आहेत! एकापुढे कंसात 'पॅट', दुसऱ्यापुढे 'रेड'. त्याआधीच्या, १८२७ च्या टाइद वहीत एक पॅट्रिक आहे, त्याच्याकडे ५ एकर. 'पॅट'वाल्या मायकेलकडे मात्र ८ एकर ० रूड १६ पर्च. म्हणजे १८४० च्या दशकातल्या बटाट्याच्या दुष्काळात यांची जमीन वाढली? पटत नाही.

चर्चच्या बाप्तिस्मा वहीची नेमकी ती पानं ओलीने गेलेली आहेत. तर, आमचा मायकेल कोणता हे कसं ठरवायचं? आणि घरातून बाहेर काढल्याची नोंद कुठे असते?

(आडनाव मुद्दाम देत नाही. त्या भागात दगड भिरकावला तर त्याच आडनावाच्या माणसाला लागेल.)

नागपुरी_संत्रं

पयला! आता वाचतो.

ठोंब्या

ताई, एक बाळबोध प्रश्न. १९०१ ची जनगणना आहे, तर १८५१ ची पण असेल ना? त्यात थॉमस लहान मूल म्हणून आईबापासकट दिसेल. विषय संपला.

सई_डब्लिन

ठोंब्या, इथे आलेला प्रत्येक जण पहिल्यांदा हेच विचारतो. मीही विचारलं होतं.

१८२१, ३१, ४१ आणि ५१ च्या जनगणनेचे कागद डब्लिनच्या फोर कोर्ट्स आवारातल्या दफ्तरखान्यात होते. १९२२ च्या जूनमध्ये यादवी पेटली. ब्रिटनशी झालेल्या कराराच्या विरोधातली मंडळी त्या आवारात ठाण मांडून होती, २८ तारखेला नव्या सरकारच्या फौजेने तोफा लावल्या आणि ३० जूनला मोठा स्फोट होऊन दफ्तरखाना पेटला. जळक्या कागदांचे कपटे शहरभर उडत होते म्हणतात. काही तुटक पानं सोडली तर या चारही जनगणना गेल्या, त्यांच्याबरोबर मृत्युपत्रं गेली, प्रॉटेस्टंट चर्चच्या किती तरी वह्या गेल्या.

पण सगळा दोष आगीला देऊ नका. १८६१ आणि ७१ चे कागद आकडे काढून झाल्यावर सरकारनेच नष्ट केले, आणि ८१ व ९१ चे पहिल्या महायुद्धात रद्दी म्हणून लगद्यात घातले. म्हणून देशभराची पहिली अखंड जनगणना १९०१ ची. जन्माच्या सरकारी नोंदी १८६४ पासूनच्या. त्याआधीचा माणूस शोधायचा तर तो कर भरताना पकडायचा, नाहीतर कोर्टात.

शतक पुरं झालं तेव्हा, २०२२ मध्ये, जळालेल्या कागदांच्या इतरत्र सापडलेल्या नकला जमवून एक आभासी दफ्तरखाना उभा केलाय. तोही फुकट आहे. जरूर बघा.

मोडीवाला

चांगला धागा. माझं घराणं पुण्याच्या पेशवे दफ्तरात धुंडाळण्यात चार वर्षं गेली, नंतर नोकरीनिमित्त कॉर्कला होतो तेव्हा एका शेजाऱ्यासाठी आयरिश कागद चाळले. त्या भांडवलावर लिहितो.

ग्रिफिथची पाहणी म्हणजे रिचर्ड ग्रिफिथ याच्या देखरेखीखाली १८४७ ते १८६४ या काळात छापली गेलेली देशभरची करआकारणी. जमीन कसणाऱ्याचं नाव, तो ज्याच्याकडून धरतो त्याचं नाव, क्षेत्रफळ, जमिनीची आणि घराची वेगवेगळी किंमत. इतकंच. बायकोचं नाव नाही, मुलांचं नाही, वय नाही. ज्याच्याकडून धरली तो जमीनदारच असेल असंही नाही, मधला दलाल असू शकतो.

कंसातलं नाव हा तुमचा खजिना आहे. एका गावात एकाच नावाची दोन माणसं आली की पाहणीवाले ओळख पटावी म्हणून कंसात बापाचं नाव घालत, किंवा केसांचा रंग, किंवा धंदा. म्हणजे 'मायकेल (पॅट)' हा पॅटचा मुलगा आणि 'मायकेल (रेड)' तांबड्या केसांचा. आपल्याकडे मधलं नाव असतं म्हणून हा घोळ कमी. पॅट्रिक म्हणजेच पॅट, तेव्हा १८२७ च्या वहीतला तो पॅट्रिक याचा बाप असू शकतो. असू शकतो, आहे असं म्हटलेलं नाही.

अजून एक. त्या मायकेलची एकूण आकारणी किती आहे? ४ पौंडांच्या वर की खाली? गरीब-कायद्याचा (म्हणजे गरिबांच्या मदतीसाठीचा) कर ४ पौंड किंवा त्याहून कमी आकारणीच्या कुळामागे जमीनदाराला स्वतः भरावा लागे. दुष्काळात तो कर भडकला तसं अनेक जमीनदारांनी छोटी कुळं झाडून टाकली. त्यात १८४७ चा पाव एकराचा कायदा. पाव एकराहून जास्त जमीन हातात असली की सरकारी मदत बंद, आधी जमीन सोडा मग खा. किलरश तालुका तर यासाठी कुप्रसिद्ध. तिथला गरीब-कायदा निरीक्षक कॅप्टन केनेडी याने पाडलेल्या घरांच्या याद्या वरपर्यंत पाठवल्या होत्या. तुमच्या सासूबाईंची गोष्ट तिथली असू शकते.

लिमरिकची_सून

बघितलं. ४ पौंड १० शिलिंग. थोडक्यात वाचले. वर्णनात 'घर, ऑफिस आणि जमीन' लिहिलंय. १८५५ मध्ये आठ एकरांच्या शेतकऱ्याचं कसलं ऑफिस?

मोडीवाला

गोठा. त्या पाहणीत ऑफिस म्हणजे घराला लागून असलेली गुरांची, गवताची पडवी.

नागपुरी_संत्रं

आमच्या ऑफिसालेबी हेच म्हनतो मी बावीस वर्सापासून, कोनी आयकत नाही बे. आता पुरावा भेटला.

निवृत्त_तलाठी

३१ वर्षे सातबारे लिहिले, त्यामुळे क्षेत्रफळ दिसले की हात शिवशिवतो.

ताई, जमीन वाढलेली नाही, एकर बदललेला आहे. माझा भाचा बेलफास्टला असतो, त्याच्याकडून ऐकलेले की आयरिश एकर हा इंग्रजी एकराच्या १.६२ पट. टाइद वह्यांत बहुधा आयरिश एकर लिहीत, ग्रिफिथने इंग्रजी घेतला. आता ५ गुणिले १.६२ करा. ८.१ एकर. एकराचे ४ रूड, रूडचे ४० पर्च, म्हणजे एकराचे १६० पर्च. त्याचा दहावा भाग १६ पर्च. ८ एकर ० रूड १६ पर्च. पर्चापर्यंत जुळले!

आपल्या हिशेबात सांगायचे तर ४ पर्च म्हणजे १ गुंठा. ८ एकर ४ गुंठे.

याचा अर्थ १८२७ चा पॅट्रिक आणि १८५५ चा मायकेल (पॅट) यांचा तुकडा एकच. बापाकडून मुलाकडे वारसाने आला. माझ्यापुढे असा कागद आला असता तर मी नोंद मंजूर केली असती.

सई_डब्लिन

काका, साष्टांग _/\_

लिमरिकची_सून

तलाठीकाका!! मी कागद-पेन्सिल घेऊन पुन्हा केलं. अंगावर काटा आला.

परखड

कौतुकसोहळा चालू दे, पण एक विचारतो. टाइद म्हणजे काय हे कोणी लिहिलं नाही. कॅथलिक शेतकऱ्याने प्रॉटेस्टंट चर्चला द्यायचा दशांश. त्यावरून १८३० च्या दशकात तिथे रक्त सांडलंय. ग्रिफिथ म्हणजे दुसरा कर. म्हणजे ज्यांनी लुटलं त्यांच्या हिशेबवह्यांत तुम्ही आजोबा शोधताय, आणि सापडतात ते फक्त जमीन असलेले. जो मजूर दुसऱ्याच्या बांधावर झोपडी टाकून बटाट्यावर जगला आणि ४७ साली मेला, तो यातल्या एकाही वहीत नाही. त्याची वंशावळ कोण काढणार? हे सगळं पोटभरल्यांचं खूळ आहे.

मोडीवाला

परखड, पहिला भाग शंभर टक्के मान्य. दुसऱ्याला थोडा आक्षेप. मजूर जमिनीच्या वहीत नसतो, पण पेटी सेशन्सच्या वहीत असतो. ही गावपातळीवरची छोटी कोर्टं. वह्या बहुतेक ठिकाणी १८५० च्या आसपासपासून १९१२ पर्यंतच्या आहेत. गाढव रस्त्यावर मोकाट सोडलं, दारू पिऊन पडला, शेजारणीला शिवी दिली, मजुरी बुडवली, गाय दुसऱ्याच्या कुरणात शिरली, सगळं तिथे. फिर्यादी, आरोपी, साक्षीदार, गाव, दंड. मी एकाच बाईला सोळा वर्षांत नऊ वेळा पाहिलंय, दरवेळी भांडण त्याच शेजारणीशी. जमिनीच्या वहीत ती कधीच आली नसती.

कोल्हापुरी_चटका

अवांतर हाय, पण सांगतो. आमच्याकडं हेळवी येतात. बैल घेऊन दाराशी हुबा राहतो आन् तुमच्या सात-आठ पिढ्या घडाघडा म्हणून दाखवतो. कोण कुठनं आला, कुणाला पोर झालं न्हाई, कुणी गाव सोडला, सगळं. कागद जळंल, हेळवी जळत न्हाई. आयर्लंडात असलं कोण नव्हतं काय?

सई_डब्लिन

चटका, राजेरजवाड्यांच्या वंशावळी सांगणारे होते पूर्वी. पण साध्या माणसांतही एक पद्धत होती, आणि आयरिश बोलणाऱ्या भागात अजूनही ऐकू येते. गावात सगळेच एका आडनावाचे, मग आडनाव घेऊन उपयोग काय? म्हणून माणसाला त्याच्या नावापुढे बापाचं आणि आजाचं नाव लावून ओळखायचे. अमुक तमुकचा, तो तमुकचा. सूनताई, सासूबाईंना विचारून बघा, त्यांच्या माहेरच्या घराला गावात काय म्हणायचे? घराण्याचं नाव नाही, बोलण्यातलं नाव.

लिमरिकची_सून

मंडळी, मी भिंतीवर डोकं आपटून घेतेय.

सईचा प्रतिसाद वाचून तिथल्या तिथे फोन लावला. सासूबाईंनी एका दमात सांगितलं, "टॉम-मिक-पॅटचं घर. का गं?" टॉम म्हणजे थॉमस. मिक म्हणजे मायकेल. आणि पॅट!

सहा आठवडे मी त्या दोन मायकेलांवर डोळे फोडतेय, आणि उत्तर फोनच्या पलीकडे बसलं होतं. "आधी का नाही सांगितलंत?" तर म्हणाल्या, "तू विचारलंस कुठे? तू जमिनीचं विचारत होतीस."

नागपुरी_संत्रं

काखेत कळसा, गावाला वळसा. इथंबी तेच, तिथंबी तेच.

कोल्हापुरी_चटका

हेळव्याला एक पायली जोंधळं द्या आता.

मोडीवाला

अभिनंदन. पण अजून कागदाचा शिक्का पाहिजे, कारण 'टॉम-मिक-पॅट' असे दोन असू शकतात, त्या गावात काही सांगता येत नाही. एक फुकटची युक्ती सांगतो, ठोंब्याच्या प्रश्नाचं उलटं उत्तर आहे ते.

जानेवारी १९०९ पासून सत्तरीच्या माणसांना पेन्शन सुरू झालं, आठवड्याला ५ शिलिंगांपर्यंत. सत्तरी सिद्ध कशी करायची? जन्मनोंद तर १८६४ नंतरची. म्हणून म्हातारी माणसं अर्ज करायची की १८४१ किंवा ५१ च्या जनगणनेत माझं वय बघा. कारकून त्या जनगणनेतून कुटुंब शोधून अर्जावर टिपून ठेवायचा. पुढे जनगणना जळल्या आणि हे अर्ज वाचले. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर आहेत. थॉमस किती वर्षांचा होता १९११ मध्ये?

लिमरिकची_सून

१९०१ मध्ये ५५. १९११ मध्ये... ७०. अरे!

ठोंब्या

दहा वर्षांत पंधरा वर्षांनी म्हातारे. क्लेअरची हवा बाधली असणार.

निवृत्त_तलाठी

संजय गांधी निराधारच्या अर्जांत मी असली वये पुष्कळ पाहिली आहेत. एक आजी लेकापेक्षा आठ वर्षांनी मोठ्या होत्या.

सई_डब्लिन

तिथे तर वादळाचा पुरावा चालायचा. ६ जानेवारी १८३९ च्या रात्री प्रचंड वादळ झालं होतं, छपरंच्या छपरं गेली. 'मोठ्या वाऱ्याची रात्र' आठवते म्हणणारा सत्तरीचा असणारच, असा हिशेब. अशी आठवण असणारे १९०९ मध्ये एकाएकी वाढले :)

परखड

यात हसण्यासारखं काय आहे? ज्या सरकारने जन्माची नोंद ठेवली नाही त्याने वयाचा दाखला मागायचा, आणि खोटारडा म्हातारा?

सई_डब्लिन

परखड, हलके घ्या. पण मुद्दा बरोबर.

लिमरिकची_सून

अपडेट. अर्ज सापडला.

१८५१ च्या नोंदीवरून कारकुनाने टिपलंय : मायकेल, होनोरा, मुलं पॅट्रिक १२, थॉमस १०, मेरी ६. म्हणजे १८४१ चा जन्म, १९११ मध्ये ७० बरोबर! चुकीचं वय १९०१ चं होतं. आपण त्यांना उगाच हसलो. परखड, तुमची माफी. त्यांची तर आहेच.

थोरला मुलगा पॅट्रिक हेही लक्षात आलं. पहिल्या मुलाला आजोबांचं नाव ठेवायची इथेही रीत होती.

शुक्रवारी रजा टाकून डब्लिनला जाऊन जुन्या व्हॅल्युएशन ऑफिसच्या फेरपाहणीच्या वह्याही बघितल्या. तलाठीकाका, तुम्ही असायला हवे होतात! ग्रिफिथनंतर कुळ बदललं की जुनं नाव खोडून वर नवीन लिहायचे आणि त्याच शाईने कडेला साल. दरवेळी शाईचा रंग वेगळा. आमच्या ओळीत काळ्या शाईत लिहिलेला मायकेल (पॅट), त्यावर लाल रेघ, वर 'थॉमस', कडेला ७४. मग निळ्या शाईत घराची किंमत ५ शिलिंगांनी वाढलेली. शेवटी जांभळा शिक्का, तीन इंग्रजी अक्षरं, म्हणजे जमीनखरेदी कायद्याखाली कुळाने जमीन विकत घेतली. त्याला साल १९०९.

आणि इथेच घोळ झाला. १८२७ पासून १९०९ पर्यंत एकच तुकडा, एकच घर, कुठेही खंड नाही. मग रस्त्यावर कोणाला काढलं? मी आनंदाने सासूबाईंना सांगायला गेले की तुमची जमीन कधीच गेली नव्हती. फोनवर एकदम शांतता. मग म्हणाल्या, "म्हणजे माझी आजी खोटं बोलत होती?"

रविवारचा फोन आला नाही.

निवृत्त_तलाठी

ताई, वही हुबेहूब आपला फेरफार आहे. १९०३ च्या कायद्याने तिकडे कुळे मालक झाली, सरकारने जमीनदाराला पैसे दिले आणि कुळांनी ते वर्षानुवर्षे हप्त्यांनी फेडले. आपल्याकडे कुळकायद्यात १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन, तसेच काहीसे.

पण एक सांगतो, अनुभवाने. सातबाऱ्यावर नाव असणे आणि माणूस जमिनीवर असणे या दोन गोष्टी आहेत. पाहणीला तलाठी वर्षातून एकदा जातो. मधल्या सहा महिन्यांत काय झाले ते वहीला कळत नाही.

परखड

म्हणून म्हणत होतो. करवसुलीच्या वहीवर विश्वास ठेवून तुम्ही आजीला खोटं पाडलंत.

वकीलकाका

उशिरा येतोय. मी आयर्लंडला कधी गेलो नाही, पण जमिनीच्या कायद्यांचा तुलनात्मक अभ्यास हा निवृत्तीनंतरचा विरंगुळा आहे. तलाठीसाहेबांनी नेमक्या जागी बोट ठेवलंय.

खंड थकला की जमीनदार कोर्टातून कब्जाचा हुकूम आणायचा. शेरीफची (कोर्टाचे हुकूम बजावणाऱ्या अधिकाऱ्याची) माणसं येऊन कुटुंब, भांडी, गादी, चूल सगळं बाहेर, दाराला कुलूप. पण कुळाला सहा महिन्यांची मुदत असे. तेवढ्यात थकबाकी आणि खर्च भरला तर कूळपण परत. रिकामं घर पडतं, म्हणून मुकादम अनेकदा त्याच कुटुंबाला 'केअरटेकर' म्हणून आत घ्यायचा. घर तेच, चूल तीच, पण आता तुम्ही कूळ नाही, मालकाचे राखणदार. म्हणतील त्या दिवशी निघायचं. नाही निघालात तर पेटी सेशन्समध्ये समन्स.

थॉमसच्या काळात काय चाललं होतं बघा. १८७९ पासून पिकं बुडालेली, लँड लीग ही कुळांची संघटना उभी राहिलेली. १८८० मध्ये मेयोमध्ये कॅप्टन बॉयकॉटवर गावाने बहिष्कार घातला आणि त्याच्या नावाचा शब्दच झाला. १८८१ च्या कायद्याने खंड ठरवायला जमीन-न्यायालयं आली, पण आधीची थकबाकी ज्याच्या डोक्यावर त्याला त्याचा उपयोग कमी. म्हणून १८८२ मध्ये थकबाकीचा वेगळा कायदा करावा लागला : कुळाने एका वर्षाचा खंड भरायचा, उरलेल्या थकबाकीचा निम्म्यापर्यंतचा भाग सरकार देणार, बाकी माफ.

तेव्हा तुमच्या जागी मी ४७ चा दुष्काळ सोडून १८८० ते ८४ ची पेटी सेशन्सची वही उघडली असती. 'केअरटेकर' हा शब्द शोधा. फिर्यादी जमीनदार किंवा त्याचा मुकादम असेल.

ठोंब्या

काका, तुम्ही फी घेता का?

मोडीवाला

वकीलकाकांना +१००. हे मला सुचायला हवं होतं.

वही उघडालच तर एक मजा. 'गाडीवर नाव नाही' या गुन्ह्याच्या ओळींवर ओळी दिसतील. घोडा किंवा गाढवगाडीवर मालकाचं नाव वाचता येईल असं रंगवणं सक्तीचं होतं. डॉनेगलच्या एका माणसाने नाव आयरिशमध्ये लिहिलं, पोलिसाने ते वाचता येत नाही म्हणून दंड करवला. १९०५ मध्ये ते प्रकरण वरच्या कोर्टात गेलं तेव्हा वकील होता पॅट्रिक पिअर्स, पुढे १९१६ च्या उठावात फाशी... चुकलो, गोळी घातली गेली तो. खटला हरला.

नागपुरी_संत्रं

म्हंजे मराठी पाट्यांचा वाद तिकून आला काय बे?

सई_डब्लिन

कृपया इथे तो विषय नको, धागा उडेल.

लिमरिकची_सून

दोन आठवडे गायब होते. वाचनालयात बसून होते, तिथल्या संगणकावर वह्या बघायला पैसे पडत नाहीत.

आधी फालतू सापडलं ते सांगते. थॉमस, १८७६, गाढव सार्वजनिक रस्त्यावर मोकाट. दंड ६ पेन्स आणि खर्च. १८७८, पुन्हा गाढव. बहुधा तेच.

आणि मग १८८२, ऑक्टोबर. फिर्यादीच्या रकान्यात मुकादमाचं नाव. आरोपी थॉमस, टाउनलँड आमचंच. तक्रारीच्या रकान्यात तिरप्या, घाईच्या अक्षरात : केअरटेकर म्हणून ठेवलेला असून मागणी करूनही कब्जा सोडत नाही. शेवटच्या रकान्यात 'तहकूब'. पुढच्या तारखेला 'काढून घेतली'. बस्स. अडीच ओळी. थकबाकीचा कायदा त्याच उन्हाळ्यात झाला, तेव्हा पैसे तिथून भरले गेले असावेत असं मला वाटतं, त्याचा कागद अजून नाही.

म्हणजे त्याआधी कधी तरी शेरीफ आला होता. दाराला कुलूप लागलं होतं. आजी खोटं बोलत नव्हती. आणि फेरपाहणीच्या वहीला यातलं काहीच दिसलं नाही, तिच्यात थॉमस ७४ पासून आपला तिथेच.

अजून एक. त्याच कोर्टांत कुत्र्यांच्या परवान्यांची वही असते, १८६६ पासून. कुत्र्यामागे २ शिलिंग आणि वर ६ पेन्स. मालकाचं नाव, गाव, कुत्र्याचा रंग, जात, नर की मादी. थॉमसच्या नावावर १८७७ पासून दरवर्षी एक काळा-पांढरा मेंढपाळ कुत्रा, नर. ७८, ७९, ८०, ८१. १८८२ च्या वहीत थॉमस नाही. ८३ मध्ये नाही. ८४ मध्ये आहे, एक तांबडा मेंढपाळ कुत्रा, नर.

सगळी पानं छापून मी गाडी काढून सासूबाईंकडेच गेले. त्यांनी चष्मा लावला, ऑक्टोबरची ओळ बोट ठेवून दोनदा वाचली. मुकादमाच्या नावावर बोट थांबलं. "हं," म्हणाल्या. मग कुत्र्यांची पानं घेतली आणि मला विचारलं, "काळ्याचं काय झालं?"

मला काय माहीत.

निवृत्त_तलाठी

अडीच शिलिंग नसतील.

परखड

पेटी सेशन्सची वही कुठल्या वाचनालयात बघता येते? माझी बहीण गॉलवेला असते. तिच्या घरमालकीणबाईंसाठी विचारतोय.

मोडीवाला

पोटभरल्यांच्या खुळात स्वागत. मूळ वह्या डब्लिनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, स्कॅन एका वंशावळीच्या वर्गणीच्या संकेतस्थळावर. काही सार्वजनिक वाचनालयांत ती वर्गणी भरलेली असते, विचारून बघा.

ठोंब्या

ताई, कुत्र्याचं नाव नसतं का त्या वहीत?

लिमरिकची_सून

नसतं. पण सासूबाई म्हणतात शेप असणार. त्यांच्या घरात आजवरच्या प्रत्येक कुत्र्याचं नाव शेपच होतं.

कोल्हापुरी_चटका

आन् त्याचं शेपूट?

लिमरिकची_सून

वहीत तो रकाना नाही हो दादा. पण वाकडंच असणार.